कोणाच्या घराण्यात काय मोडलंय

“अहो ताई, माणूस म्हणे निम्मा केळं असतो!”

वहिनींनी कंपाउंडच्या भिंतीवरून मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. भिशीच्या ग्रुपवर आलेलं चित्र होतं. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला केळ्याचा घड आणि मध्ये लाल अक्षरांत ‘पन्नास टक्के’. वहिनींचं माहेर रावेरचं, त्यामुळे प्रकरण त्यांच्या दृष्टीने घरचंच होतं.

“बाबांच्या शेतात दोन हजार खोडं उभी आहेत. म्हणजे आजवर मी भाऊबंदांचंच शिकरण केलं की काय?”

“केलंत ते पोटासाठी केलंत, पाप लागत नाही,” मी म्हटलं. “पण हा आकडा कशाचा आहे, ते लिहिलंय का कुठे?”

नव्हतं लिहिलेलं. ते कधीच लिहिलेलं नसतं. आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवल्यामुळे मला अशा फॉरवर्डची सवय आहे. रिटायर झाल्यावर ते थांबतील असं वाटलं होतं, उलट वाढले.

“असं बघा, २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय जीनोम संशोधन संस्थेतल्या लोकांनी माणसाची आणि केळीची जनुकं ताडून पाहिली. आपल्या जनुकांपैकी साठेक टक्क्यांना केळीत ओळखू येईल असा जोडीदार सापडला. आणि या जोड्यांपासून बनणारी प्रथिनं सरासरी चाळीस टक्के सारखी निघाली. आता साठ म्हणा नाहीतर चाळीस म्हणा. पन्नास कोणी काढले, देव जाणे.”

“पण आहे ना काहीतरी सारखं?”

“आहे की. साखर जाळून ताकद काढायची, पेशीची नक्कल करायची, मोडलेला डीएनए दुरुस्त करायचा, ही कामं केळीच्या खोडालाही चुकत नाहीत आणि आपल्यालाही. त्यासाठी लागणारी सामग्री दोघांनी एकाच पूर्वजाकडून घेतली आहे. पण आपल्या डीएनएत प्रथिनांची जनुकं जेमतेम दीड टक्का. उरलेलं सगळं या हिशोबात धरलेलंच नाही.”

वहिनी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे पत्रिकेसारखं झालं. माझ्या नणंदेच्या मुलीचे छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले होते. सहा महिन्यांत माहेरी परत. आणि आमचे किती जुळले माहितीये? साडेअठरा! चाळीस वर्षं झाली, हे अजून मला विचारल्याशिवाय बनियनसुद्धा घेत नाहीत.”

मला एवढं सुरेख उदाहरण वर्गात कधी सुचलं नाही. टक्का सांगणाऱ्याला आधी ‘कशाचा?’ असं विचारायचं, ही जीनोमच्या तुलनेतली पहिली गोष्ट. वहिनींनी ती नणंदेच्या मुलीवरून काढली.

“मग ते चिंपांझीचं? अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के म्हणतात ते? तेही असंच?”

“ते जरा बरं आहे, पण तिथेही मेख आहे. चिंपांझीचा जीनोम २००५ साली जाहीर झाला. जीनोम म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब ओळ. आपली तीन अब्जांहून थोडी जास्त. दोन्ही ओळी एकमेकींखाली मांडायच्या आणि जिथे जुळतात तिथे एकेक अक्षर तपासत जायचं. तसं तपासलं तर १.२३ टक्के अक्षरं वेगळी निघाली. टक्का ऐकायला छोटा वाटतो, पण तीन अब्जांतला आहे. साडेतीन कोटी जागा होतात.”

“बाप रे.”

“आणि हे फक्त जिथे ओळी जुळल्या तिथलं. मध्येच एकाकडे पाचशे अक्षरं जास्त निघाली, तर ती मोजायची की सोडायची? एखादा तुकडा उलटा बसलाय. एखाद्याच्या इकडे दोन प्रती, तिकडे सात. ह्या कमी-जास्त तुकड्यांच्या ५० लाख जागा तेव्हाच दिसल्या होत्या. त्या धरल्या की टक्का शहाण्णवच्या आसपास येतो. आणि २०२५ मध्ये सहा वानरांचे जीनोम या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून झाले, तेव्हा सरळ एकास एक जुळवताच येत नाही असा भाग साडेबारा टक्क्यांहून जास्त निघाला.”

“म्हणजे आपण जवळचे नाही?”

“जवळचेच. त्यांच्याहून जवळचं आपल्याला दुसरं कोणी नाही. आकडा बदलला म्हणून नातं बदलत नाही.”

इतक्यात वहिनींची मनी भिंतीवर चढून आमच्या मधोमध बसली. ही मांजर दोन्ही घरांत जेवते आणि एकाही घरचं नाव लावत नाही.

“आणि आकाराचं काय? माणसाचा डीएनए सगळ्यांत मोठा असेल ना?” वहिनींनी विचारलं.

“लासलगावचा कांदा तुम्हाला हसेल! कांद्याची अक्षरं सोळा अब्ज. आपल्या पाचपट.”

“कांद्याची?”

“कांद्याची. कॅनडातले टी. रायन ग्रेगरी म्हणून एक जीवशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी तर ‘ओनियन टेस्ट’च काढली. डीएनएतलं प्रत्येक अक्षर कामाचं आहे असं कोणी म्हणालं, की त्याला विचारायचं, मग कांद्याला तुमच्या पाचपट कशाला लागतं? आणि २०२४ मध्ये न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका छोट्याशा नेच्याचा जीनोम मोजला. त्याची अक्षरं १६० अब्ज.”

“त्या नेच्याला करायचंय काय एवढं?”

“काही नाही. डीएनएत स्वतःची नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसणारे तुकडे असतात. बार्बरा मॅक्लिंटॉक बाईंनी मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून ते ओळखले होते. चाळीसच्या दशकात. लोकांना पटायला वेळ लागला, नोबेल मिळालं १९८३ मध्ये, बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या झाल्यावर. काही घराण्यांत हे तुकडे आवरले जातात, काहींत पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात. कांद्याच्या घराण्यात साठले. तांदळाची गंमत उलटी आहे. जीनोम चाळीसेक कोटी अक्षरांचा, म्हणजे आपल्या साधारण आठव्या हिश्श्याइतका, आणि जनुकं मात्र आपल्यापेक्षा जास्त. तो २००५ मध्ये पूर्ण झाला, त्यातल्या अकराव्या गुणसूत्रावर आपल्या दिल्लीच्या लोकांनी काम केलंय.”

वहिनींचं लक्ष मात्र आकड्यांवरून उडालं होतं. त्यांना नात्यांत रस. दोन गल्ल्यांपलीकडच्या माणसाचा मावससासरा कोण, हे त्यांना तोंडपाठ असतं.

“ते जाऊ दे. कोण कोणाचं कोण लागतं, ते सांगा.”

“तुमच्या सासूबाई आळिंबी घरात येऊ द्यायच्या नाहीत ना?”

“छे! कुत्र्याच्या छत्र्या म्हणायच्या. आम्ही हसायचो, भाजीच आहे म्हणून.”

“सासूबाई बरोबर होत्या. ती भाजी नव्हेच. जनुकं ताडल्यावर दिसतं की बुरशी आणि आळिंबी यांचं घराणं झाडांपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळचं. पालकापेक्षा आळिंबी तुमची जवळची.”

“हे आमच्या ह्यांना सांगू नका. आई बरोबर होती म्हटलं की आठवडाभर तेच चालेल.”

“आणखी ऐका. ससाणा बघितलात की कोणाचा भाऊबंद वाटतो?”

“घारीचा. नाहीतर गरुडाचा.”

“सगळ्यांनाच तसं वाटायचं. तीच नखं, तीच वाकडी चोच, तीच नजर. जनुकं बघायला लागल्यावर शंका आली, आणि २०१४ मध्ये अठ्ठेचाळीस जातींच्या पक्ष्यांचे पूर्ण जीनोम एकत्र मांडले तेव्हा पक्कं झालं. ससाणा पोपटांच्या जवळचा. घारीचा लांबचा. धंदा एक म्हणून तोंडवळा सारखा झाला, एवढंच.”

“पोपटाचा!” वहिनींना हे फारच आवडलं. “आणि?”

“देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा.”

“तो चिखलात लोळणारा?”

“तोच. देवमाशाचे पूर्वज चार पायांवर चालायचे. मग समुद्रात उतरले आणि तिथलेच झाले. जुन्या घरातलं सामान मात्र अजून जीनोममध्ये पडून आहे. वास ओळखायची कितीतरी जनुकं डॉल्फिनकडे आहेत, पण मोडलेली. पाण्याखाली हवेतला वास घेणार कुठून? वापर नाही म्हटल्यावर त्यांत बिघाड होत गेला आणि कोणाचं काही अडलं नाही.”

“मोडलेली म्हणजे?”

मला हाच प्रश्न हवा होता. जीनोमच्या तुलनेतलं सगळ्यात चविष्ट प्रकरण हेच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. कोणात काय सारखं आहे, हे ऐकून माणूस फार तर मान डोलावतो. कोणाच्या घराण्यात काय मोडलंय म्हटलं की लगेच खुर्ची पुढे ओढतो.

“ही मनी बघा. तुम्ही परवा श्रीखंडाचं पातेलं बाहेर ठेवलं होतंत, हिने चाटलं. तुम्ही म्हणालात, गोडघाशी आहे.”

“आहेच.”

“तिला गोड कळतच नाही. गोड चव ओळखायला जिभेवर दोन प्रथिनं जोडीने लागतात. मांजरात त्यातल्या एकाचं जनुक मोडलंय. २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या लोकांनी मांजराचं ते जनुक कुत्र्याच्या आणि माणसाच्या जनुकाखाली ठेवून वाचलं. वाचता वाचता मध्येच २४७ अक्षरं गायब! तिथून पुढचं सगळं वाचन बिघडलेलं, प्रथिन तयारच होत नाही. मग त्यांनी वाघाचं आणि चित्त्याचं तपासलं. तिथेही तेच. म्हणजे ताडोबातल्या वाघासमोर पेढ्यांचा खोका ठेवलात तरी त्याला त्यातला खवाच कळणार.”

“मग हिने श्रीखंड का चाटलं?”

“चक्क्यासाठी. दह्यातली चरबी आणि प्रथिनं तिला झकास कळतात. साखर तुमची फुकट.”

वहिनींनी मनीकडे असं काही पाहिलं की जणू तिने इतकी वर्षं फसवलं. मनीने शेपूट गुंडाळून घेतलं.

“आपल्यात असं काही मोडलंय का?” वहिनींनी आवाज उगाच खाली आणला. घरातलं निघालं की आवाज खाली येतो.

“चिकार. वास ओळखायची चालू जनुकं आपल्याकडे चारशेच्या आसपास आहेत आणि जवळजवळ तेवढीच मोडून पडलेली. आफ्रिकेतल्या हत्तीकडे चालू दोन हजार आहेत.”

“आमच्या ह्यांच्याकडे चारसुद्धा नसतील. दूध उतू जाऊन पातेलं जळलं तरी पेपर वाचत बसतात.”

“आणि सगळ्यात मोठा बिघाड म्हणजे क जीवनसत्त्वाचा. बोकडाला आवळा लागतो का? गाईला लिंबू लागतं का? त्यांची यकृतं घरच्या घरी क जीवनसत्त्व बनवतात. आपणही बनवायचो, म्हणजे आपले पूर्वज. साखरेपासून ते जीवनसत्त्व करायच्या कामात शेवटच्या पायरीवर एक प्रथिन लागतं. त्याचं जनुक सहाएक कोटी वर्षांपूर्वी मोडलं. मोडलं ते मोडलंच. आपल्या आठव्या गुणसूत्रावर त्याचे अवशेष अजून आहेत. थोडे तुकडे शिल्लक, थोडे नाहीसे.”

“आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?”

“येणार कसं? ते पूर्वज झाडावर राहून फळं खायचे. जीवनसत्त्व रोज पोटात जात होतं. बिघाड झालेलं पिल्लूसुद्धा इतरांसारखंच वाढलं. पुढे आपण जहाजात बसून महिनोन्‌महिने सुक्या पावावर राहायला लागलो आणि खलाश्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा त्या जुन्या बिघाडाची किंमत कळली.”

वहिनींनी आपल्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे एकदा बघून घेतलं.

“पण खरी गंमत पुढे आहे. चिंपांझीत बघा, ओरांगउटानमध्ये बघा, आपल्या लाल तोंडाच्या माकडात बघा, तेच जनुक तसंच मोडलेलं. आता चालू असलेली वस्तू दोघांकडे सारखी असेल तर म्हणता येईल, दोघांना गरज होती म्हणून आहे. पण मोडकी वस्तू? तीही तशीच मोडलेली? ती वारशानेच आली असणार. गिनीपिगमध्येही हे जनुक मोडलंय, पण त्याचा बिघाड स्वतंत्र आहे, आपल्याशी संबंध नाही. आणि मादागास्करचे लेमूर आपल्या मोठ्या कुळातलेच, पण ते आधीच वेगळे निघाले होते. त्यांचं अजून चालू आहे.”

“म्हणजे वाटणी आधी झाली, भांडं नंतर फुटलं.”

“अगदी. कोण कधी वेगळं निघालं, हे फुटक्या भांड्यांवरून कळतं. पक्ष्यांचं तसंच. दातांवर इनॅमल चढवणारी जनुकं सगळ्या पक्ष्यांत आहेत, मोडलेल्या अवस्थेत. कोंबडीतसुद्धा. त्यावरून हिशोब केला तर सगळ्या पक्ष्यांच्या पूर्वजाचं इनॅमल साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीच गेलं होतं. बिनदाताच्या देवमाशांतही तीच जनुकं मोडलीत, पण ती त्यांची त्यांनी.”

वहिनी विचारात पडल्या. सगळा बिघाडच चाललाय, याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

“सगळं मोडलेलंच सांगताय. आपल्यात नवीन असं काहीच नाही?”

“आहे ना. कॅथरीन पोलार्ड नावाच्या बाईंनी २००६ मध्ये शोधलं, कॅलिफोर्नियात. त्यांनी कॉम्प्युटरला उलटा प्रश्न घातला. इतर प्राण्यांत जे कोट्यवधी वर्षं हललं नाही, पण माणसात मात्र धडाधड बदललं, असे तुकडे काढ म्हणाल्या. यादीत पहिला आला तो अवघ्या ११८ अक्षरांचा तुकडा. आता ऐका हं. कोंबडी आणि चिंपांझी यांचे पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. एवढ्या काळात त्या ११८ अक्षरांत फरक पडला फक्त दोन अक्षरांचा.”

“दोन?”

“दोन. आणि चिंपांझी आणि आपण वेगळे होऊन साठ-सत्तर लाख वर्षं झाली असतील. तेवढ्यात फरक पडला अठरा अक्षरांचा.”

वहिनींनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं.

“ते जनुक आहे कशाचं?”

“प्रथिन बनवणारं जनुक नाहीच ते. त्यातून फक्त आरएनए निघतो. आणि तो निघतो कुठे? पोटातल्या बाळाच्या मेंदूत, मेंदूचा बाहेरचा थर रचला जात असतो तेव्हा. म्हणजे साधारण दुसऱ्या महिन्यापासून पाचव्या महिन्याच्या आसपासपर्यंत. तो तिथे नेमकं काय करतो, त्याचा शोध अजून चालू आहे. पण बघा, अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या जमाखर्चात ही अठरा अक्षरं कुठे दिसली असती? साडेतीन कोटींतली अठरा.”

“हेच मी मगाशी म्हटलं ना. बत्तीस गुण जुळले, पण जो जुळायला हवा होता तोच राहिला.” वहिनी थोडं थांबल्या. मग भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या, “ताई, एक विचारू? ह्या सगळ्याचा दवाखान्यात काही उपयोग होतो का?”

त्यांचा सूर बदलला होता.

“का हो?”

“धाकट्या जावेच्या नातवाला झटके येतात. दोन वर्षांचा आहे. त्याची ती जनुकांची तपासणी केली. रिपोर्टमध्ये लिहून आलं, बदल सापडला, अर्थ अनिश्चित. आता ह्याला काय म्हणायचं? एवढे पैसे घेतले आणि अर्थ अनिश्चित!”

“तसं येतं. पुष्कळांचं येतं. प्रत्येक माणसात लाखो बदल असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. एखाद्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं दिसलं आणि तोच बदल असलेला दुसरा आजारी माणूस जगात नोंदलेला नसेल, तर डॉक्टरांनी सांगायचं काय? तिथे हे बाकीचे प्राणी उपयोगी पडतात.”

“ते कसे?”

“२०२३ मध्ये झूनोमिया नावाच्या प्रकल्पाने २४० सस्तन प्राण्यांचे जीनोम एकत्र ताडून काढले. वटवाघूळ, हत्ती, देवमासा, उंदीर, कुत्रा, सगळे. आता समजा बाळाचं जे अक्षर बदललंय, तेच अक्षर ह्या सगळ्यांत एकसारखं आहे. दहा कोटी वर्षांत कोणाही घराण्यात बदल टिकला नाही. ह्याचा अर्थ जिथे बदलला तिथे ते पिल्लू टिकलं नसावं. मग त्या जागेवर संशय घ्यायचा. उलट, चार-पाच प्राण्यांत तेच नवीन अक्षर आहे आणि ते सुखाने चरताहेत, तर संशय कमी होतो. जात नाही, कमी होतो. एका अक्षराची चूक दुसऱ्या अक्षराने सावरलेली असू शकते.”

“मग लगेच कळतं की.”

“लगेच नाही. हा एक पुरावा झाला. आईवडिलांचं तपासतात, त्यांच्यात तो बदल आहे का बघतात. बाळात नव्यानेच आला असेल तर संशय बळावतो. आणि सगळंच जनुकांत नसतं. त्या २४० प्राण्यांत मिळून आपल्या जीनोमचा साडेदहा-अकरा टक्के भाग जपलेला निघाला. मी मगाशी सांगितलं ना, प्रथिनांची जनुकं जेमतेम दीड टक्का. बाकीचा जपलेला भाग म्हणजे बराचसा जनुकं कधी, कुठे, किती चालवायची, ते ठरवणाऱ्या जागा. तिथले बिघाड वाचायला आत्ता कुठे सुरुवात झालीये.”

“जावेने तो कागद कपाटात टाकून दिलाय. म्हणते, काही कळत नाही तर ठेवायचा कशाला.”

“टाकू देऊ नका. तो कागद ठेवायलाच हवा. आज अर्थ अनिश्चित आहे म्हणून उद्याही राहील असं नाही. वर्ष-दीड वर्षाने त्याच डॉक्टरांना विचारायचं, ह्याचं वर्गीकरण बदललं का? माहिती वाढते तसं पुष्कळ बदलांचं नाव अनिश्चितमधून निघतं, बऱ्याचदा निरुपद्रवीमध्येच जातं. आणि शहरात जनुकीय समुपदेशक असतात, त्यांना दाखवायला सांगा. मला दाखवून उपयोग नाही, मी बेडूक कापायला शिकवणारी.”

“पण तुम्ही वाचून सांगाल ना, निदान कोणत्या जनुकाचं नाव आहे ते?”

“नाव सांगेन. कोणकोणत्या प्राण्यांत ते जपलंय, तेही कॉम्प्युटरवर बघून देईन. त्यापुढचं डॉक्टरांनी.”

“मग फोटो मागवते आजच. जावेला मात्र म्हणणार नाही तुम्हाला दाखवला म्हणून. तिला वाटतं मी सगळ्या कॉलनीला सांगत फिरते.”

“फिरता की.”

“हे वेगळं,” वहिनी म्हणाल्या आणि भिंतीवरच जावेला फोन लावला. “हं, ऐक गं, तो बाळाचा कागद कुठल्या कपाटात आहे?”